येते म्हणणारी

१

घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे काही कुणी शाळेत शिकवत नाही. ते दुधाच्या दातांबरोबर येतं. तिच्या माहेरी कुणाच्या तोंडून चुकून ‘जाते’ निघालंच, तर आई उंबऱ्यावरून परत बोलवायची, घोटभर पाणी प्यायला लावायची आणि नीट ‘येते’ म्हणवून घ्यायची. मग बस चुकली तरी बेहत्तर. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा नवरा कामावर निघाला आणि डबा उचलून दारातून ‘जातो’ म्हणाला, नि स्वयंपाकघरातून सासूबाई ‘जा’ म्हणाल्या, तेव्हा तिला वाटलं, मायलेकांचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

तसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. ‘जातो.’ ‘जा.’ आणि हे म्हणताना सासूबाई चक्क त्याच्या मफलरची गाठ नीट करत होत्या. शेजारच्या काकू, ज्यांना गल्लीत सगळे बातमीकाकू म्हणायचे, त्यासुद्धा या घरातून उठताना ‘जाते बरं का’ म्हणायच्या. आपल्या घरी गेल्यावर मात्र त्या रीतसर ‘ये हं’ म्हणून निरोप द्यायच्या.

ती मुळात कमी बोलायची. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर माणसं तिच्यासमोर चेहरा धरून बसायची आणि ती त्यांच्या नाकाचं, कानांचं माप घ्यायची. बघत राहायची सवय तिथलीच. रजा संपली, दुकान पुन्हा सुरू झालं, त्या सकाळी पर्स खांद्याला लावून ती म्हणाली, “आई, येते.”

आतला पळीचा आवाज थांबला. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, दिवाणखान्याच्या भिंतीवर ठोकलेल्या प्लायवूडच्या फळीकडे पाहिलं.

“जाते म्हण,” त्या म्हणाल्या.

“का?”

“या घरात तसंच म्हणतात.”

लग्नात आडनाव बदललं होतं, ते एक वेळ ठीक. क्रियापदही बदलावं लागतं, हे बोलणीत कुणी काढलं नव्हतं. ती हसली, चपला घातल्या आणि पुन्हा तितक्याच गोड आवाजात म्हणाली, “येते.”

सासूबाई ‘ये’ म्हणाल्या नाहीत.

२

घर उताराच्या टोकाला होतं. वारा रस्त्याने खाली यायचा तो थेट दिवाणखान्यात. खोली मोठी, उंच छताची, आणि हिवाळ्यात कुणाच्याही उपयोगाची नाही. फरशीवर पाय ठेवला की गारठा तळव्यांतून थेट दातांत चढायचा. सासूबाई थंडीभर स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळ स्टूल टाकून बसायच्या आणि खोकायच्या. खोकला साधा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना कोरड्या, उबदार खोलीत झोपवा, नाहीतर पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगत नाही.

आणि दिवाणखान्यात, फळीच्या मागे, भिंतीतली चांगली दगडी शेकोटी होती. वर धुराडं होतं. एकदा सासूबाई दवाखान्यात गेल्या असताना तिने फळीच्या फटीला डोळा लावला. आत अंधार होता, आणि अंधाराला जुन्या धुराचा वास होता. बस्स.

तिच्या मनात आलं ते साधं होतं. उघडी शेकोटी नको, तिच्यात निम्मी ऊब धुराड्यातून आभाळाला जाते. त्या पोकळीत बसणारी लोखंडी शेगडी मिळते, काचेच्या दाराची. थोड्या लाकडात खोली तापते आणि ठिणगी बाहेर येत नाही. तिने दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडे पाहिली होती.

नवऱ्याने आधी ‘आई नाही म्हणेल’ सांगितलं, मग ‘आई नाही म्हणतेय’ सांगितलं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता. कुठलाही दाब वाढला की झडप उघडून मोकळा व्हायचा, घरातसुद्धा. बातमीकाकूंनी गल्लीत पसरवलं की नव्या सुनेने आल्या आल्या वेगळी चूल मांडली. हे तिला इतकं आवडलं की तिने ते सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि ती उबळ काही केल्या थांबेना. ती त्यांची पाठ चोळत बसली. हाताखाली नुसती हाडं लागत होती.

“दार लागतं ना त्याला?” श्वास जागेवर आल्यावर सासूबाईंनी विचारलं.

“लागतं. काचेचं आहे.”

“काचेचं कशाला?”

“आतलं दिसायला नको का?”

“कशाला दिसायला हवं?” त्या म्हणाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

३

शेगडी बसवणारा मिस्त्री बोलका होता. त्याने फळी काढली, बॅटरी मारून धुराडं तपासलं, भिंतीला तडा नाही म्हणाला, आणि लांब दांड्याच्या ब्रशने काजळी खरवडून काढली. डांबरासारखा चकचकीत थर पोतंभर निघाला. हाच पेट घेतो, तो म्हणाला, दरवर्षी साफ करवून घ्या. मग त्याने समोरच्या फरशीवर जाड दगडी लादी बसवली आणि चटया, पडदे, खुर्च्या सगळं लांब सरकवायला लावलं.

आता धुराड्यातून स्टीलची नळी खाली सोडायची होती. धूर तिच्यातून जातो, भिंतीला लागत नाही. मिस्त्री छपरावर चढला. ती खाली गुडघ्यांवर बसून पोकळीत डोकं घालून, नळीचं टोक धरायला तयार.

“येते का?” वरून आवाज आला. धुराड्यातून येताना तो जाडा आणि ओला झाला होता.

“येते! येऊ द्या!”

खरखर करत नळी उतरू लागली आणि मधल्या वळणावर अडली. वर थोडी खटपट झाली, मग काहीच नाही. ती तशीच हात वर करून थांबली. अंधाराशी बोलताना आवाज आपोआप मऊ होतो. गाडी मागे घेताना, खाटेखालची मांजर काढताना बोलतो तशी ती नळीशी बोलू लागली. “ये. ये गं. अजून थोडी. घाबरू नकोस, मी आहे ना इथे. ये.”

“येते का?” पुन्हा वरून.

“ये, ये!”

आणि नळी एकदम तिच्या ओंजळीत आली. टोक कोमट होतं. नुकतंच कुणीतरी हातात धरून ठेवल्यासारखं.

“आली!” ती ओरडली.

“कोण आली?” मिस्त्रीने विचारलं. तो तिच्या मागे उभा होता, दिवाणखान्याच्या दारात, खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन. नळी अडली म्हणून वर कडीला बांधून तो दोर आणायला केव्हाच खाली उतरला होता.

वर जाऊन त्याने पाहिलं. गाठ सुटली असणार, वजनाने सरकली, असं म्हणाला. तिनेही ते मान्य केलं. धुराडं म्हणजे बोळ, कुठल्याही छपरावरचा आवाज त्यात शिरू शकतो. ती उठली, गुडघ्यांवरची काजळी झटकली, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“तू काय म्हणालीस तिला?”

“कुणाला?”

“आत. काय म्हणालीस?”

“नळीला ‘ये’ म्हणाले, आई.”

लोखंडी शेगडी पोकळीत सरकली, नळीला जोडली गेली, कडेच्या फटी बंद झाल्या. मिस्त्रीने भिंतीवर विषारी वायूचा अलार्म लावला आणि शिकवणी घेतली. ताई, शेगडीला नवऱ्यासारखं वागवा, तो म्हणाला. ओलं लाकूड देऊ नका, एकदम पोटभर कोंबू नका, दार सावकाश उघडा, नाहीतर सगळा धूर तोंडावर येईल. आणि नळीची झडप निखारे लाल असताना कधीच बंद करायची नाही. तो वायू दिसत नाही, वास येत नाही, पण माणूस बसल्या जागी झोपतं ते उठत नाही.

“दार मात्र कायम लावलेलं,” त्याने पुन्हा बजावलं. सासूबाईंनी मान हलवली. त्या घरात त्या दिवशी कुणाशी त्यांचं एकमत झालं असेल तर ते मिस्त्रीशी.

४

मोठी लाकडं खाली, ढलप्या वर, आणि काडी सगळ्यात वरून लावायची. जाळ वरून खाली उतरतो, धूर जवळपास होतच नाही. पहिल्या दिवसांत नव्या रंगाचा वास निघाला, खिडक्या उघड्या ठेवून तो घालवला. मग खोली तापली. खरंच तापली. सासूबाईंची खाट दिवाणखान्यात आली, त्यांचा खोकला उतरला, गालांवर रंग आला. बातमीकाकू रोज शेकायला येऊ लागल्या आणि वेगळ्या चुलीबद्दल बोलेनाशा झाल्या.

ती सकाळी जाळ घालून निघायची. दारात ‘येते’ म्हणायची. सासूबाई आता वाद घालत नसत.

एके संध्याकाळी ती परतली तर शेगडी धडधडून पेटलेली. सकाळच्या लाकडांची एव्हाना राख व्हायला हवी होती. टोपली निम्मी रिकामी. आईंना जड लाकडं उचलायची नाहीत असं बजावलेलं होतं, म्हणून ती जरा रागानेच म्हणाली, “तुम्ही कशाला घातलीत?”

“मी कुठे? तूच नाही का घातलीस दुपारी?” सासूबाई म्हणाल्या. “आलीस, घातलीस, जरा बसलीस.”

तिने आधी अलार्मकडे पाहिलं. हिरवा दिवा. बटण दाबलं तर तो कानठळ्या बसवत ओरडला, म्हणजे शाबूत होता. हवेत गॅस साठला की माणसाला नाही नाही ते दिसतं, हे तिला माहीत होतं. तिने मिस्त्रीला बोलावलं. त्याने उदबत्ती धरून ओढ पाहिली, धूर सरळ आत ओढला जात होता. सगळं ठणठणीत, तो म्हणाला. तिला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. काहीतरी बिघडलेलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं.

मग म्हातारं माणूस आहे, डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. टोपलीतल्या लाकडांना कसलं स्वप्न पडलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या पायांना तेल लावता लावता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. “दुपारी मी येते ना, तेव्हा काय बोलते?”

“काही नाही. तू तशी कमीच बोलतेस.” सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. “उठताना तेवढं ‘येते’ म्हणतेस.”

“आणि तुम्ही?”

“मी काय म्हणणार? ‘ये’ म्हणते.”

बोलून झाल्यावर त्यांचे डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्यांनी स्वतःच ऐकलं होतं. त्यांनी पाय पोटाशी घेतले आणि लुगड्याच्या टोकाने तेल पुसत राहिल्या, पुसत राहिल्या.

५

सुट्टीच्या दिवशी ती मागच्या खोपीत लाकडं काढत होती. नवरा कामावर गेला होता, ‘जातो’ म्हणून. अलार्म ओरडला तेव्हा तिने हातातलं सगळं टाकलं.

दिवाणखाना स्वच्छ, उबदार, नेहमीसारखा. शेगडीत निखारे लालभडक, आणि नळीची झडप घट्ट बंद. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, डोकं एका बाजूला कललेलं. तिने श्वास रोखून झडप उघडली, खिडक्या ढकलल्या, आणि त्यांना काखेत धरून अंगणात ओढलं. थंड हवेत त्यांनी डोळे उघडले, ओकल्या, आणि तिचा हात धरून म्हणाल्या, “ती येऊ नये म्हणून झडप लावली गं. निखाऱ्यांचं ध्यानात नाही आलं.”

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेल्यावर नवऱ्याने निकाल दिला. शेगडी काढायची, फळी ठोकायची, आईची खाट स्वयंपाकघरात. तिने विचारलं, तुला हे लहानपणापासून माहीत होतं? माहीत काय असायचं, तो म्हणाला. ‘जातो’ म्हणायचं, एवढंच माहीत.

“मग तूही म्हण ना,” तो म्हणाला. “एक शब्द तर आहे.”

“एकच आहे म्हणून तर,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो मान वर करून तिच्याकडे बघायला लागला. “‘जाते’ म्हणून ज्या घरातून निघायचं, तिथे परत कुठल्या तोंडाने येऊ? मी पाहुणी आहे का? आईंना त्या गारठ्यात नेऊन ठेवायचं, मी दर सकाळी कायमची जायचं, आणि ऊब कुणाला सोडायची, तर जिचं नाव-गाव ठाऊक नाही तिला? शेगडी राहील. आई इथेच झोपतील. मी ‘येते’च म्हणणार.”

सासूबाई खाटेवरून हे ऐकत होत्या. पायांवरचं पांघरूण उचलून त्यांनी तिच्यासाठी खाटेच्या कडेला जागा केली.

झडपेची मूठ तिने तारेने बांधून टाकली, उघडी.

६

दुसऱ्या दिवशी ती दारात नेहमीपेक्षा मोठ्याने ‘येते’ म्हणाली. दुकानात अर्धा दिवस भरला, आणि दुपारच्या मळकट उजेडात परत आली. दाराशी गेली नाही. घराला वळसा घालून दिवाणखान्याच्या खिडकीपाशी गेली.

सासूबाई खाटेवर, पांघरुणाचं टोक दोन्ही मुठींत. त्या जाग्या होत्या. आणि शेगडीसमोर, लादीवर, खिडकीकडे पाठ करून कुणीतरी उकिडवं बसलं होतं. अंगात तपकिरी स्वेटर होता, कोपराला रफू केलेला. मानेवर घाईत घातलेली केसांची गाठ, एक बट सुटलेली.

तिने आपल्या कोपराला हात लावला. रफू बोटांना लागलं.

शेगडीचं दार उघडं होतं. त्या बाईने टोपलीतून लाकूड उचललं आणि निखाऱ्यांवर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. हात मनगटापर्यंत आत, कुणी बाळाच्या डोक्याखाली उशी सारावी तितका सावकाश. मग तिने दार लावलं. काचेत खोली उमटली. खाट, सासूबाई, खिडकी, खिडकीत ती स्वतः. काचेच्या अगदी पुढ्यात जी बसली होती, तिचं काचेत काही नव्हतं.

पळून जावंसं वाटलं, ते खरं. पण कुठे पळणार? समोरचं घर तिचंच होतं.

ती वळसा घालून दारापाशी आली, कुलूप उघडलं, चपला काढल्या. दिवाणखान्यात सासूबाई एकट्या होत्या. लादीवर कुणी नव्हतं, फक्त आतल्या लाकडाची साल नुकती पेट घेत होती. आणि वर नळीत, जाळाच्या ओढीबरोबर, दमलेल्या बाईचा आवाज म्हणाला, “येते.”

सासूबाईंचे ओठ हलले. ती झेपावली आणि तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“आले,” ती शेगडीकडे बघत म्हणाली. “येते म्हणाले होते, ती मी. मी आले. आता कुणाचं यायचं राहिलेलं नाही.”

नळीत वारा गुरगुरला, आणि थांबला.

७

तर एवढंच होतं, असं तिला वाटलं. या घरात ‘जातो’ म्हणून गेलेली माणसं परत आल्यावर कधीच ‘आलो’ म्हणत नव्हती, मुकाट्याने आत शिरत. तीही त्यांचं बघून तशीच शिरायची, त्यामुळे तिचं बोललेलं ‘येते’ पुरंच होत नव्हतं. आता ती रोज उंबऱ्यात ‘आले’ म्हणू लागली. राख राखच राहू लागली, टोपली भरलेली. नवरा एका सकाळी लाजत, नव्या बुटांनी चालावं तसं, ‘येतो’ म्हणाला आणि संध्याकाळी ‘आलो’ म्हणाला. सासूबाई तर बातमीकाकूंकडे मुद्दाम दोनदा जाऊन आल्या, नुसतं ‘आले गं’ म्हणायची हौस म्हणून. खोकला असा नव्हताच.

हिवाळा सरत आला होता. दुकानातून परतताना तिने उतारावरून आपलं धुराडं पाहिलं. धूर असा दिसतच नव्हता, वरची हवा फक्त थरथरत होती. कोरडं लाकूड, चांगली ओढ. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. ती दाराशी पोचली, किल्ली काढली, तोंड उघडलं.

“आले,” आतून आवाज आला. तिचाच. शेवटी जरा खाली उतरणारा.

“आलीस?” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदी होता. “ये, बस शेकत.”

ती उभी राहिली. हातात किल्ली. खाली उतार, रस्ता, बसथांबा, माहेर, सगळं जागच्या जागी होतं. ‘जाते’ म्हणायला आत्ता फार काही लागलं नसतं. एकच शब्द.

तिने किल्ली फिरवली.

आत दिवा लावलेला नव्हता. शेगडीचा तांबडा उजेड खाटेपर्यंत पोचत होता. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, मग लादीकडे, मग पुन्हा दाराकडे, आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. लादीवर कोण आहे ते ती दारातून नीट बघत बसली नाही. तिने चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली. तिथे आधीच एक पर्स होती. तिने ती खाली ठेवली आणि आपली अडकवली.

“आले,” ती म्हणाली. रोजच्याइतक्याच आवाजात.

ती चार पावलं चालत गेली. ऊब चेहऱ्याला लागली.

“सरक,” ती म्हणाली. “ती जागा माझी आहे. आणि चटई मागे घे, ठिणगी पडेल. मिस्त्रींनी किती वेळा सांगितलंय.”

तांबड्या उजेडात काही हललं नाही. मग फरशीवरून चटई घासल्याचा आवाज आला. सावकाश, मागे.